बायकांची गाडी

चंद्रकलाबाई टेंभुर्णे यांनी फौजेतल्या नोकरीत जेवढी पत्रं लिहिली, तेवढी पवनीच्या टपाल कचेरीनंही वर्षभरात पाहिली नसतील. ज्यांचे हात मोडले होते त्यांच्या वतीनं लिहिली, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या वतीनं लिहिली, आणि जे उरले नव्हते त्यांच्या आईबापांना तर त्यांनाच लिहावं लागलं. आलेलं एकही पत्र बिनउत्तराचं राहिलं नाही. राहिलं ते एकच. तेही लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त होऊन घरी आल्यावर, वैनगंगेकाठी भावाच्या घरी, वेळ जाता जात नव्हता तेव्हा.

ते पत्र अठ्ठ्याहत्तर सालच्या जून महिन्यात आलं. सिहोऱ्यापासून कोसभर आत असलेल्या एका टोलीतून, म्हणजे लहानशा वस्तीतून, टेकचंद नावाच्या शेतकऱ्यानं ते लिहिलं होतं. अक्षर मोठं आणि जपून काढलेलं.

‘बाई, मी भैय्यालालचा मोठा भाऊ. लढाईत त्याचा पाय तुम्ही वाचवला तो भैय्यालाल. माझी मुलगी सुलोचना मॅट्रिक पास झाली. मिलिटरीतल्या नर्सचा फॉर्म तिनं आणला आहे. जुलै संपायच्या आत तो पाठवायचा आहे. टोलीतले लोक नको म्हणतात. मला काही समजत नाही. भैय्यालाल म्हणतो, पवनीच्या बाईंना विचार. म्हणून विचारतो. तुम्हाला मुलगी असती, तर तुम्ही पाठवली असती काय? जे खरं असेल तेच लिहा.’

चंद्रकलाबाईंनी त्याच दिवशी कागद घेतला. ‘तुमचे पत्र मिळाले’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. दुसऱ्या दिवशी नवा कागद घेतला. पुन्हा तेच. जून गेला, जुलै निम्मा सरला, शेजारच्या बांधीतली, म्हणजे भातखाचरातली, धानाची पऱ्ही, लावणीची रोपं, हातभर झाली, तरी पत्र तिथंच.

त्यांची भावजय सुमनबाई तोंडाची तिखट आणि मनाची मऊ होती. ती रोज पाहत होती.

“बाई, एक विचारू?” एका सकाळी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली. “तुमी तोफांच्या आवाजात उभ्या राह्यल्या म्हन्ता. आन एका कास्तकाराच्या पत्राले भेऊन राह्यल्या?”

“भीत नाही गं. उत्तर सापडत नाही.”

“त्याच्यात सापडाचं काय हाय? हो नाही त नाही. दोनच त शब्द हायेत दुनियेत.”

“तेच दोन जड आहेत.”

“मंग जाऊन पाहा ना पोरीले! दुरून भाव कराले ते काय बैल हाय? बैल बी लोक दात पाहून घेतात.”

चंद्रकलाबाई हसल्या, पण हसून झाल्यावर त्यांना वाटलं, वैनी बोलते ते खोटं नाही. पोरीला पाहायला हवं. मनातल्या मनात त्यांना हेही ठाऊक होतं की प्रश्न त्या पोरीचा नव्हताच. प्रश्न एका गाडीचा होता.

ती गाडी एकाहत्तरच्या डिसेंबरातली. पूर्वेच्या सरहद्दीजवळ एका शाळेत दवाखाना मांडलेला होता. मेजर चंद्रकला टेंभुर्णे तिथल्या मॅट्रन होत्या आणि त्यांच्या हाताखाली मूठभर नर्स. जखमी येत ते ट्रकांनी, बैलगाड्यांनी, कधी दोघांच्या खांद्यावर लटकून. खाटा केव्हाच संपल्या होत्या. शाळेच्या लांब दालनात धानाचं तणस पसरून त्यावर माणसं निजवलेली. पंजाबी, तामिळ, गढवाली, नेपाळी, सगळ्या भाषांत कण्हणं चालू. त्यात एकदा कोपऱ्यातून आवाज आला, “माय वो, मले पानी दे.” चंद्रकलाबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. कितीतरी वर्षांत ‘मले’ हा शब्द कानावर पडला नव्हता.

“कोन्या गावचा रे तू?” त्यांनी वाकून विचारलं.

“सिहोऱ्याचा,” तो पोरगा म्हणाला आणि पाय फुटलेला असूनही डोळे मोठे करून पाहू लागला. “तुमी?”

“पवनीची.”

“मंग मी मरत नाही आता,” असं म्हणून भैय्यालालनं डोळे मिटले.

त्याचा पाय मात्र मरायला टेकला होता. मागच्या मोठ्या दवाखान्यात लवकर पोचला तरच वाचणार होता, आणि न्यायला गाडी नव्हती.

गाडी आली ती दुसऱ्याच दिवशी, पण वेगळ्या कामासाठी. आदल्या संध्याकाळी शाळेच्या विहिरीजवळ गोळे पडले होते. मागून निरोप आला की दवाखान्यातल्या बायकांना सुरक्षित जागी हलवा. दवाखान्याचे मुख्य सर्जन अबोल माणूस होते. ते म्हणाले, “मॅट्रन, तुमच्यासाठी ट्रक उभा आहे. मुलींना घेऊन निघा.”

“साहेब, आणि यांना पाणी कोण पाजणार?”

सर्जन पुढच्या जखमीकडे वळले.

चंद्रकलाबाईंनी सगळ्या नर्सना व्हरांड्यात उभं केलं. स्वतः त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, “ज्यांना जायचं असेल त्यांनी एक पाऊल पुढे या.”

कोणी हललं नाही. सर्वांत लहान होती केरळची लेफ्टनंट अन्नम्मा. ती आपल्या बुटाच्या टोकाकडे पाहत होती. चंद्रकलाबाईंची छाती अभिमानानं भरून आली. त्या ट्रकवाल्याकडे वळल्या. “गाडी रिकामी जाणार नाही,” त्या म्हणाल्या आणि तणसावरून उचलून, ज्यांना थांबणं परवडणार नव्हतं असे जखमी त्यांनी गाडीत रचून भरले. भैय्यालाल त्यात होता.

मागच्या दवाखान्यात नर्सबाई येणार म्हणून चहा, ब्लँकेटं, गरम पाण्याच्या बादल्या तयार होत्या. ट्रकची फळी उघडली तर आतून दाढी-मिशांचे जवान! कागदावर लिहिलेलं, ‘महिला कर्मचारी’. तिथला सुभेदार कागद उलटा करून पाहू लागला म्हणतात. ही गोष्ट मग त्या आघाडीवर सगळीकडे पसरली. लढाई संपेपर्यंत जवान तिला ‘बायकांची गाडी’ म्हणत आणि पोट धरून हसत. त्या गाडीतला एकही माणूस दगावला नाही. भैय्यालालचा पाय राहिला, थोडा आखूड झाला एवढंच. चंद्रकलाबाईंच्या छातीवर फीत लागली, पुढं बढती मिळाली. पवनीत सत्कार झाला तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांनी सगळ्यांसमोर लेकीला कडक सलाम ठोकला होता.

इथवर गोष्ट त्या कोणालाही सांगत. पुढची सांगत नसत.

युद्धविराम होऊन, मिठाई वाटून झाल्यावरची गोष्ट. एका सडलेल्या जखमेतून हाडाची कपची काढताना ती अन्नम्माच्या हातमोज्यातून आत घुसली. विष चढलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. तिचे वडील एवढ्या लांबून आले. पांढरं लुंगीवजा वस्त्र नेसलेला साधा माणूस. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले आणि चंद्रकलाबाईंना मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाले, “आता ही भात कशी कालवणार?”

तेव्हापासून चंद्रकलाबाईंना तो व्हरांडा वेगळा दिसू लागला. आपण विचारलं खरं. पण कसं विचारलं? मॅट्रन समोर उभी, तीच जाणार नाही हे तिच्या तोंडावर लिहिलेलं. अशा वेळी वीस-बावीस वर्षांची पोर एक पाऊल पुढं टाकेल कशी? ते विचारणं नव्हतंच, तो हुकूमच होता. आणि आता हा टेकचंद विचारतो, तुम्ही पाठवली असती काय? एका बापाला उत्तर देता आलं नाही, तिथं दुसऱ्याला कोणत्या तोंडानं द्यायचं?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मात्र त्यांनी पिशवी उचलली. पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून सिहोरा, अशा एसटीच्या गाड्या बदलत दुपारच्या आत त्या सिहोऱ्याला उतरल्या. पांढरी सुती साडी, हातात पुरुषी मोठं घड्याळ, खांद्याला काळी कातडी पिशवी. वर्षानुवर्षांची सवय, दुसरे कपडे त्यांच्याकडे फारसे नव्हतेच.

पानठेल्यावर त्यांनी टेकचंदची टोली विचारली.

पानवाल्यानं त्यांना खालून वर पाहिलं. “काहून? टेकचंदकडे काय काम काढलं?”

“काम त्याच्याशीच आहे. घरी भेटेल ना?”

“घरी?” पानवाल्यानं चुना लावायचा थांबवला. “भेटन. भेटन ना. तुमी हळूहळू जा, बाई. वाटनं चिखल हाय.”

त्या वळल्या तोच ठेल्यावरचा एकजण सायकलवर टांग टाकून, चिखल उडवत, त्यांच्या आधी टोलीच्या वाटेला लागला. चंद्रकलाबाईंना वाटलं, पाहुणी आली म्हणून सांगायला गेला असेल. लोक अजून चांगले आहेत.

वाटेच्या दोन्ही बाजूंना रोवणी चालू होती. बायका ओळीनं वाकून, मागं मागं सरकत पऱ्ही लावत होत्या. त्यांना पाहून चंद्रकलाबाई जागीच थांबल्या. लहानपणी त्याही अशा मागं सरकल्या होत्या. शाळेच्या त्या दालनात जखमींवर उपचार करताना नर्स दारापासून आत जात आणि मग बाहेर यायला वाट उरत नसे, तेव्हा त्यांनी आपल्या पोरींना हेच शिकवलं होतं. आतल्या भिंतीपासून सुरू करा आणि दाराकडे मागं सरका, म्हणजे लावलेलं रोप उखडत नाही, तसा बांधलेल्या पट्टीला पाय लागत नाही. पंजाबच्या आणि केरळच्या पोरी त्यांच्या हुकमावर भंडाऱ्याची रोवणी करत होत्या.

टोलीत शिरल्या तर काय, सगळीकडे सामसूम. एका घरासमोर खाट, खाटेवर अर्धवट वळलेला दोर. दुसऱ्या ओसरीत चहाची वाफ निघणारी बशी. पण माणूस नाही. टेकचंदच्या दारात एक म्हातारी मात्र पाय पसरून बसली होती.

“टेकचंद आहे का घरी?”

“नाही.”

“मग बाकीचे?”

“मर्द मानूस एकबी नाही टोलीत.”

“सगळे कुठं गेले?”

“मेले,” म्हातारी शांतपणे म्हणाली.

चंद्रकलाबाई चमकल्या. “सगळे?”

“सारेच. मीच उरली. आता तुमाले कराचंच असन त माह्यं करा आपरेशन. चला, कोठं झोपू?” आणि म्हातारी खरंच आडवी व्हायला लागली.

तेव्हा कुठं चंद्रकलाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. दोनच वर्षं झाली होती त्या नसबंदीच्या दिवसांना. गावोगाव जीप यायची, पांढऱ्या साडीतली बाई उतरायची, पिशवीतून कागद निघायचे आणि संध्याकाळपर्यंत गावातले बाप्ये गाडीत बसवले जायचे. तो काळ सरला होता, पण टोलीच्या मनातून सरला नव्हता. आणि आपण पांढरी साडी, काळी पिशवी घेऊन, टेकचंद घरी भेटेल का असं विचारत आलो!

“अहो आजी, मी ती नव्हे. मी पवनीची...”

वाक्य पुरं व्हायच्या आत घरामागून किंकाळी आली. पुरुषाची.

चंद्रकलाबाई धावल्या. साडी वर खोचलेली, पिशवी हातात, बावन्न वर्षांच्या गुडघ्यांना न विचारता. परसातल्या सांदवाडीच्या कुडापलीकडे, बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मजबूत माणूस पडला होता. थोड्या वेळापूर्वी तो ओसरीत बसून विळ्याला धार लावत होता. सायकलवाल्यानं आरोळी दिली तसा विळा कमरेला खोचून पळाला आणि ओल्या धुऱ्यावरून घसरला. विळा मांडीत आतल्या बाजूनं शिरला होता. रक्त वाहत नव्हतं, उडत होतं.

हाच टेकचंद. पांढरी साडी दिसताच तो कोपरांवर मागं सरकू लागला.

“बाई, सोडा मले! दोनच लेकरं हायेत माह्ये! तिसरं नाही!”

“गप्प पडून राहा.”

“मी सही नाही करनार! आंगठा बी नाही देनार!”

“अरे बाबा, देऊ नको!” चंद्रकलाबाईंनी साडीचा पदर फाडून जखमेत कोंबला आणि वर दोन्ही मुठी रोवून सगळं अंग टाकलं. “मी पवनीची चंद्रकला. तू मला पत्र लिहिलं होतंस.”

टेकचंदची हालचाल थांबली. तोंड पांढरं पडत चाललं होतं, तरी त्यानं मान उचलून नीट पाहिलं.

“कर्नल बाई?”

“हो.”

“मंग...” त्याला दम लागला होता. “मंग पत्राचं उत्तर द्याचं होतं ना वो. येऊन कायले राह्यल्या?”

बांधीतून रोवणीच्या बायका धावत येत होत्या. सगळ्यात पुढं एक सावळी, उंच पोर, कोपरापर्यंत चिखलानं भरलेली. “बावा!” करत ती येऊन गुडघ्यांवर पडली. ती सुलोचना होती, हे सांगावं लागलं नाही. मागोमाग तिची आई पार्वताबाई छाती बडवत आली.

“रडायचं नंतर,” चंद्रकलाबाईंचा आवाज आपोआप व्हरांड्यातला झाला. “पार्वताबाई, घरातलं धुतलेलं लुगडं आणा. बाकीच्यांनी बंडी जुंपा. सुलोचना, हात धू. त्या पाण्यात नको, घागरीच्या पाण्यानं. पळ!”

पोर पळाली आणि परत आली. तोवर चंद्रकलाबाईंच्या मनगटांतून कळा यायला लागल्या होत्या. संधिवातानं निवृत्तीच्या आधीच ती मनगटं पकडली होती. जोर टिकणार नाही, हे त्यांना कळत होतं.

“इथं. माझ्या मुठीखाली तुझी मूठ घाल. मी काढते तेव्हा सगळा भार टाक. आणि काही झालं तरी सोडायचं नाही.”

बंडी सडकेपर्यंत हिसके खात गेली. सुलोचना बापाच्या मांडीवर ओणवी, मूठ रोवलेली, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायलाही हात मोकळा नाही. एका खड्ड्यात चाक आपटलं आणि टेकचंद असा ओरडला की पोरीचा हात सुटला. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर आली. चंद्रकलाबाईंनी हात पुढं केला. पण त्याआधीच पोरीनं मूठ पुन्हा होती तिथंच रोवली, अधिक घट्ट.

“चुकलं, बाई,” ती हुंदके देत म्हणाली.

“सगळ्यांचं एकदा सुटतं. आता सुटलं नाही पाहिजे.”

सडकेवर राइसमिलचा ट्रक थांबवला. पोत्यांवर टेकचंदला घातलं. तुमसर येईपर्यंत पोर रडत होती आणि दाबत होती, दाबत होती आणि रडत होती. दवाखान्यात तरुण डॉक्टरनं जखम पाहायला तिला बाजूला हो म्हटलं तर तिला होता येईना. बोटं आखडून बसली होती. चंद्रकलाबाईंनी ती एकेक करून सोडवली.

रक्तवाहिनी बांधली गेली, टाके पडले, रक्ताची बाटली लागली. टेकचंद जगला.

व्हरांड्यातल्या बाकावर सुलोचना बसली होती. पार्वताबाई आत नवऱ्यापाशी. एवढ्यात बाजारात बातमी ऐकून, खताची पिशवी खांद्यावर घेऊन एक लंगडा माणूस आला. तो भैय्यालाल. तो सकाळपासून तुमसरच्या बाजारात होता, म्हणूनच टोलीत बाईंना ओळखणारं कोणी नव्हतं. त्यानं पिशवी टाकली, टाचा जुळवल्या आणि सलाम केला.

“मॅडम! आमच्या टोलीनं तुमाले नसबंदीवाली ठरवलं?”

“ठरवलं. तुझ्या आईनं तर स्वतःचं करून घ्यायची तयारी दाखवली.”

भैय्यालाल इतका हसला की नर्स येऊन रागावून गेली. “माह्या मांगं बी लोक लागते, मॅडम. म्हन्ते, भैय्यालाल लढाईतून बायकांच्या गाडीत बसून आला. मी म्हन्तो, व्हय, आलो! तुमच्यापाशी हाय काय तसा पास?” मग पुतणीकडं पाहून त्याचा आवाज उतरला. “हिचं पाह्यलं काय तुमी?”

“पाहिलं.”

“मंग? जाईन ना हे?”

चंद्रकलाबाई सुलोचनाशेजारी जाऊन बसल्या. पोरीच्या नखांत अजून चिखल होता आणि रक्तही. त्यांनी तिला अन्नम्माची गोष्ट सांगितली. सगळी. व्हरांड्यात ओळ कशी उभी केली, प्रश्न कसा विचारला, हाडाची कपची, बोटं, वडील, आणि तो भाताचा प्रश्न.

पोर ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, “मंग आता कशी जेवते ते?”

इतकी वर्षं चंद्रकलाबाई स्वतःशी ही गोष्ट सांगताना वडिलांच्या वाक्यापाशीच थांबत होत्या.

“डाव्या हातानं,” त्या म्हणाल्या. “नर्सिंगच्या शाळेत शिकवते. दर नाताळाला पत्र येतं, डाव्या हातानं लिहिलेलं. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. लग्न झालं, एक मुलगा आहे. भात तीच कालवते, त्यालाही भरवते.” मग जरा थांबून, “पण त्या दिवशी तिला जायचं होतं की राहायचं होतं, हे मी अजून तिला विचारलेलं नाही. धीर झाला नाही.”

सुलोचनानं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं. “मंग मले विचारा. बरोबर विचारा.”

चंद्रकलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली आणि बाकावर तोंड दुसरीकडे करून बसल्या. भैय्यालाललाही हातानं दूर जायला सांगितलं.

“मी तुझ्याकडे पाहत नाही,” त्या म्हणाल्या. “आज तू मूठ धरलीस म्हणून हो म्हणायचं नाही. बापाचा जीव वाचवणं वेगळं आणि अनोळखी माणसांचा रोज वाचवणं वेगळं. काही वाचत नाहीत, आणि त्यांचं पत्र लिहावं लागतं. नाही म्हणालीस तर तुझ्या बापाला मी काहीतरी कारण सांगेन, तुझ्यावर येऊ देणार नाही. घाई नाही. जायचं आहे का तुला?”

दवाखान्याच्या आवारात कोणीतरी बादली आपटली. चंद्रकलाबाईंना वाटलं, पोर उठून गेली असावी. वळून पाहण्याची फार इच्छा झाली. त्यांनी पाहिलं नाही. गोळे पडत होते तेव्हाही इतकं अवघड वाटलं नव्हतं.

“मले भेव वाटते, बाई,” शेवटी आवाज आला. “आज त लयच वाटलं. रस्ताभर वाटत होतं, आता सुटते, आता सुटते.”

“हं.”

“पन घरी राह्यली तरी भेव वाटनच. तेथं माह्या हातात काही नसन. फारम मी सोताहून आनला, बाई, कोनी सांगतलं म्हनून नाही. मले जाचं हाय.”

चंद्रकलाबाई वळल्या. पोर रडत नव्हती. ताठ बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. चंद्रकलाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या अंगातून काहीतरी सहा-साडेसहा वर्षांचं उतरून गेल्यासारखं झालं.

आत टेकचंद शुद्धीवर येऊन सगळ्यांना हुकूम सोडत होता. बाई दिसताच त्यानं उठायचा प्रयत्न केला.

“पडून राहा. टेकचंद, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आले आहे. माझी मुलगी असती तर...”

“थांबा, थांबा!” टेकचंदनं सुई लावलेला हात वर केला. “तोंडानं नोका सांगू.”

“का?”

“तोंडचं बोलनं वाऱ्यावर जाते, बाई. मी टोलीत सांगतलं, कर्नल बाई असं म्हनली, त पानठेल्यावरचे म्हनन, टेकचंद गुंगीत होता, त्याले काय आयकू आलं? टपालानं कागद येऊ द्या. शिक्का असलेला. भैय्यालाल साऱ्यांसमोर वाचन.”

“अहो, मी तुमच्या उशाशी उभी आहे!”

“उभ्या राहा ना. पर लिहा टपालानं. दीड महिना वाट पाह्यली मी. पोस्टमन आला का धुऱ्यावरून उतरत होतो.” मग त्याचा चेहरा मऊ झाला. “आन खाली हुद्दा लिहा. पुरा. ‘पवनीची बाई’ लिहाल त पुन्हा सारे पळून जाईन.”

पार्वताबाईसुद्धा पदराआड हसली. “फारम उद्याच सही करतो,” टेकचंद म्हणाला. “पाय बांधला हाय, हात त मोकळा हाय.”

चंद्रकलाबाई तुमसरच्या टपाल कचेरीत गेल्या, आंतरदेशीय पत्र विकत घेतलं आणि तिथल्याच शाईच्या डागांनी भरलेल्या टेबलावर लिहायला बसल्या. भैय्यालाल आणि सुलोचना दारात थांबले. या वेळी पेन ‘तुमचे पत्र मिळाले’ या ओळीपाशी थांबलं नाही.

‘श्री. टेकचंद यांस, तुमचे पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण खरे लिहायचे होते. मला मुलगी असती तर मी तिला आधी विचारले असते, आणि ती हो म्हणाली असती तर पाठवली असती. ती तिथे थकेल, रडेल, कदाचित तिला इजाही होईल. मी थकले आणि रडले आहे. तरी या आयुष्याच्या बदल्यात मला कोणी दुसरे आयुष्य दिले, तर मी घेणार नाही. तुमच्या मुलीला मी विचारले. तिने विचार करून हो म्हटले. आज तिच्या हाताने तुमचा जीव राहिला आहे. पण मी तेवढ्यासाठी म्हणत नाही. तिला पाठवा. लोक काही म्हणाले तर त्यांना माझ्याकडे पवनीला धाडा. मी चहा पाजीन, दुसरे काही करणार नाही.’

खाली त्यांनी सही केली. निवृत्तीनंतर प्रथमच नावाआधी हुद्दा लिहिला, पुरा, एकेक अक्षर मोठं काढून. मग पत्राच्या कडा थुंकीनं ओल्या करून चिकटवल्या.

“द्या मॅडम, मी टाकतो पेटीत,” भैय्यालाल म्हणाला.

“नको. तुझ्या भावाला मीच वाट पाहायला लावली.”

कचेरीबाहेर लाल पेटी होती. सुलोचना तिच्याजवळ उभी राहिली. चंद्रकलाबाईंनी पेटीच्या तोंडात मनगटापर्यंत हात घातला आणि पत्र सोडलं.